रानडुकराचा परवाना आणि शेतकऱ्याचा नेम



मागची जिल्हा बैठक धरमपेठेत झाली. कापसाचा भाव, पीकविमा, रात्रीची वीज हे विषय पत्रिकेवर होते. रोही आणि डुक्कर हा विषय पत्रिकेवर नव्हता. पण चहा झाला, कोणीतरी सहज विषय काढला, आणि मग दीड तास दुसरे काही बोलताच आले नाही. कोणाची ज्वारी हुरड्यात असताना आडवी झाली होती, कोणाच्या हरभऱ्याला शेंडेच उरले नव्हते, कोणाच्या पऱ्हाटीची पाती आणि कोवळी बोंडे एका रात्रीत संपली होती. ज्वारी पेरणे ज्यांनी सोडले त्यांनी हात वर करा म्हटले तर निम्म्याहून जास्त हात वर गेले. कडबा विकत आणतो म्हणणाऱ्यांचे हात त्याहून जास्त होते.

शेवटी उमरेडकडचा एक तरुण गडी उठला. अमेरिकेत लोक धनुष्यबाणाने हरणे मारतात, तेही सरकारच्या परवान्याने, हे त्याने मोबाईलवर पाहिले होते. तो म्हणाला, "बंदुकीचं लायसन आपल्याले भेटत नाही. मंग तिरकमठ्याची परवानगी मागा ना भाऊ. आवाज नाही, काडतूस नाही, खर्च नाही." टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. बैठक उठल्यावर लक्ष्मीभुवन चौकात उभे होतो, तर एका म्हाताऱ्या कास्तकाराने आम्हाला हळूच विचारले, "बाण मारला, तो पोटात घुसला, जनावर पळालं. मंग?"

उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढच्या बैठकीपर्यंत शोधून लिहितो, असा शब्द दिला होता. तो शब्द आज पाळतो आहोत.

शब्द देण्यामागे एक जुनी गोष्टही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या तुरीत एक रोही येऊन पडला. भकाळीत छर्रे बसले होते. कोणी मारले, कुठून मारले, ते कळले नाही. ज्याला ठाऊक होते तोही सांगणार नव्हता. पोट फुगलेले, मागचे पाय ओढत तीन दिवस तो त्याच वावरात होता. घमेल्यात पाणी ठेवले तर आमची चाहूल लागून चार पावले पळायचा आणि पुन्हा पडायचा. ज्यांना कळवायचे त्यांना पहिल्याच दिवशी कळवले. माणूस चौथ्या दिवशी आला, तेव्हा पंचनाम्यापुरतेच काम उरले होते. त्याच रोह्याच्या कळपाने आमची दोन एकर तूर खाऊन टाकली होती आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार आम्ही रोज करत होतो. तरी आमच्या घरातल्या म्हातारीला ते तीन दिवस अन्न गेले नाही. शहरातल्या मित्रांना हे सांगितले तर त्यांना वाटते आम्ही बनवून सांगतो. त्यांच्या मते शेतकरी एक तर जनावरावर माया करतो, नाही तर त्याला मारतो. एकाच माणसाला दोन्ही करावे लागते, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

आता त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. जनावर कुठे लागले म्हणजे लवकर मरते, हे बैल पाळणाऱ्याला शिकवायची गरज नाही. गुरांचा डॉक्टर बैलाच्या छातीला नळी लावतो ती कुठे? डाव्या पुढच्या पायाच्या कोपराआड. तिथे हृदय. त्याच्या वर आणि मागे, दोन्ही बाजूंना फुप्फुसे. आणि हिरवे खाऊन बैल फुगला, जीव जायची वेळ आली, की तोच डॉक्टर जाड सुई खुपसतो ती कुठे? डाव्या भकाळीत. तिथे पोट, चाऱ्याचे कोठार. रोही, चितळ, काळवीट ही सगळी रवंथ करणारी जनावरे. आतली मांडणी बैलासारखीच. कोपराआडच्या जागेत घाव बसला तर जनावर शंभरेक पावले पळते आणि मिनिटाच्या आत-बाहेर कोसळते. तोच घाव दीड वीत मागे बसला तर पोट फुटते, आतला कुजका चारा अंगात पसरतो, आणि मरायला एक रात्र लागते, कधी दोन दिवस, कधी आमच्या रोह्यासारखे तीन.

चितळाच्या अंगावर ही कोपराआडची जागा एका भाकरीएवढी असते. रोह्याच्या अंगावर थोडी मोठी. बाकीच्या अंगावर कुठेही लागले तरी ते मारणे नव्हे, जखमी करणे आहे.

बंदुकीच्या आणि बाणाच्या घावात मूळचाच फरक आहे. रायफलची गोळी आत शिरताना आजूबाजूचे सगळे फाडत जाते. बाण फक्त कापतो. त्याचे पाते वस्तऱ्यासारखे असते आणि जनावर रक्त जाऊन मरते, धक्क्याने मरत नाही. म्हणून बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार जावा लागतो. त्यासाठी जनावर आडवे उभे पाहिजे, किंवा थोडे पाठमोरे तिरपे. समोरून तोंड करून उभ्या असलेल्या जनावरावर जाणता धनुर्धारी बाण सोडत नाही. मध्ये छातीचे हाड असते. सरळ मागून तर नाहीच. डोक्यावरही नाही, कारण डोके लहान, हलते, आणि चुकले की जबडा तुटून जनावर उपाशी मरते. मचाणावरून मारायचे तर आणखी हिशेब: बाण वरून खाली जातो, म्हणून नुसते कोठे लागेल एवढे पाहून भागत नाही, कोठून बाहेर पडेल ते पाहावे लागते.

आणि अंतर. तिकडचे सवयीचे लोकसुद्धा वीस-तीस मीटरच्या पुढे बाण सोडायला कचरतात. का, ते ऐका. त्यांचे चाकांचे आधुनिक धनुष्य बाणाला सेकंदाला ८० ते ९० मीटर वेग देते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तीस मीटरवर दोरीचा आवाज जनावराच्या कानात आधी पोचतो आणि बाण नंतर, सेकंदाचा पाव भाग उशिरा. तेवढ्या वेळात हरीण उडी मारण्यासाठी खाली दबते, आणि फुप्फुसावर सोडलेला बाण पाठीत बसतो. "आवाज नाही" हे आपल्या तरुण भावाचे म्हणणे माणसाच्या कानापुरते खरे आहे.

बाण लागल्यावरचे काम तर व्हिडिओत दिसतच नाही. तिथले कसलेले शिकारी बाण लागला की लगेच मागे धावत नाहीत. अर्धा तास जागेवर बसतात. मग रक्त पाहतात. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. जनावर जवळच पडलेले असणार. काळपट रक्त म्हणजे यकृत. काही तास थांबायचे. हिरवट पाणी आणि शेणाचा वास आला म्हणजे पोट. मग सहा-आठ तास, कधी रात्रभर थांबून माग काढायचा, कारण आधी हुसकले तर ते आणखी दूर जाऊन मरते आणि सापडत नाही. इतके करूनही काय होते? मेरीलँड राज्यात एका लष्करी आवारात परीक्षा घेऊनच धनुर्धाऱ्यांना आत सोडत. तिथल्या सतरा-अठरा वर्षांच्या नोंदी २००८ साली प्रसिद्ध झाल्या. बाण लागलेल्या शंभर हरणांपैकी अठरा हाती लागली नव्हती. हे दिवसाउजेडी, सराव केलेल्या माणसांचे.

आपले गिऱ्हाईक येते रात्री दहा ते पहाटे चारच्या दरम्यान. तिकडे बहुतेक राज्यांत सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने हरणाची शिकार बंद करावी लागते. आपले काम तर तेव्हाच सुरू होते. दिवसभर वखर हाकून जागलीला आलेला माणूस अंधारात, थंडीत, टॉर्चच्या उजेडात भाकरीएवढी जागा कशी हेरणार? आणि समोर चितळ नसते. असते रानडुक्कर, ज्याच्या खांद्यावर चिवट कातड्याची ढालच असते आणि ज्याचे हृदय आपण समजतो त्याहून खाली आणि पुढे असते. नाही तर रोही असतो, भरला नर दोनशे किलोच्या वर. टेक्सासमध्ये १९३० च्या सुमारास एका मोठ्या गुरांच्या मालकाने आपले रोही नेऊन सोडले, आता तिथे त्यांची शिकार होते, आणि तिथले शिकारी त्यासाठी भारी रायफल घेऊन जायला सांगतात, कारण घाव थोडा चुकला तर हे जनावर मैलभर पळते. त्यावर आपण बांबूचा तिरकमठा घेऊन उभे राहणार!

धनुष्याला नावे ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. भामरागडच्या माडिया गोंडांनी पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर पोट भरले. पण ते चार-दोन जण मिळून जात, कुत्री बरोबर असत, आणि जखमी जनावराचा माग दिवस दिवस काढत, कारण जनावर गेले तर जेवण गेले. आपल्याला ते जनावर नको असते, फक्त ते वावरातून जायला हवे असते. म्हणूनच आपल्या हातचा घाव जास्त वाईट असतो. पलीकडच्या धुऱ्यावर गेले की आपल्या लेखी विषय संपला.

इंग्लंडात १९८१ च्या कायद्याने रानटी जनावर मारायला धनुष्य वापरायलाच बंदी आहे. जर्मनीचा शिकार कायदा त्याहून मजेशीर. खुरवाल्या रानटी जनावरावर बाण चालत नाही, छर्रे चालत नाहीत, शिशाचे तुकडेही चालत नाहीत. आता आपल्याकडे या. आपला १९५९ चा शस्त्र कायदा खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी शेतकऱ्याला कोणती बंदूक द्यायला राजी आहे? ठासणीची. भरमार. तिच्यात गावोगाव काय भरतात, ते आपल्याला ठाऊक आहे: छर्रे, शिशाचे तुकडे, सायकलच्या गोळ्या, जे हाताला येईल ते. जर्मनीत जे मारणे नव्हे, हाल करणे मानले जाते, तेच आपल्याकडे परवान्यावर छापून मिळते. तोही मिळाला तर.

म्हणजे परवाना कागदावर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या अकराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की उभ्या पिकाला धोका करणारे जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकारी कारणे नोंदवून देऊ शकतो. काळवीट यात बसत नाही, तो पहिल्या अनुसूचीत आहे. पिकासाठी त्याला हात लावता येत नाही. रोही आणि डुक्कर बसतात. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने या दोघांसाठी परवानगीची पद्धत सोपी करणारा निर्णयही काढला. २०१६ च्या जूनमध्ये चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली म्हणून दिल्लीत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला, तो आपल्याला आठवत असेल. पण परवानगी कोणाला मिळते? वावराच्या मालकाला. त्याच्याकडे बंदूक नाही. असली तर ठासणीची. नेम शिकवलेला नाही. रात्री मदतीला कोणी नाही. सरकार म्हणते, मार. कशाने मार, ते सांगत नाही.

मग माणूस जे परवडते ते करतो. मोटारपंपाच्या खांबावरून आकडा टाकतो आणि तार सोडतो.

या तारेबद्दल आपल्या बैठकांत कोणी उघड बोलत नाही, म्हणून आज बोलतो. तारेला नेम नसतो. डुक्कर येईल म्हणून लावलेल्या तारेला शेजारी चिकटतो, पहाटे पाणी द्यायला आलेला गडी चिकटतो, कधी लावणाऱ्याचाच पोरगा चिकटतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, आणि दोन घरे बुडतात. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडजवळ 'श्रीनिवास' नावाचा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ एका शेतातल्या अशाच तारेला लागून मेला आणि तिथेच पुरलेला सापडला. तार वाघासाठी नव्हती. डुकरासाठी होती. गावठी बॉम्बचेही तेच. २०२० च्या मे महिन्यात केरळात पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण तोंडात स्फोट होऊन जबडा फुटला म्हणून दिवसेंदिवस नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. देश हळहळला. असे बॉम्ब तिकडे डुकरासाठीच ठेवतात, आणि डुकराचा जबडा फुटतो तेव्हा फोटो निघत नाही. क्लचवायरच्या फाशात पाय अडकलेले जनावर तर स्वतःचा पाय कुरतडते, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिले आहे.

झटका मशीन वेगळी, हे इथेच सांगून ठेवतो, कारण दोन्हींना लोक "करंट" म्हणतात. तिचा धक्का सेकंदाला साधारण एकदा आणि डोळ्याच्या पापणीहूनही कमी वेळ असतो. त्याने जनावर हादरते, मरत नाही. जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान आहे. पण ते कुंपणही रोज पाहावे लागते. गवत तारेला टेकले की धक्का गवतातच जिरतो. रोही तर उडी मारून आत येतो.

आता एक गोष्ट आठवा. २ नोव्हेंबर २०१८. राळेगाव तालुक्यात बोराटीच्या जंगलात रात्री टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणू लागले, तिला गोळी घातली. पांढरकवडा-राळेगावच्या कापसाच्या पट्ट्यात तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिचे शवविच्छेदन इथेच, नागपूरच्या गोरेवाड्यात झाले. त्यानंतर गोळी कोणत्या बाजूने शिरली, वाघीण तोंड करून होती की पाठमोरी, बेशुद्धीचा डार्ट आधी मारला की मागाहून, यावर देशभर चर्चा झाली. चौकशी समित्या बसल्या. हे प्रश्न चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. सरकारने गोळी झाडायला लावली तर ती कुठे लागली हे विचारायचा अधिकार लोकांना आहेच. आमचे एवढेच म्हणणे आहे की हाच प्रश्न रोह्याच्या आणि डुकराच्या बाबतीत कोणीच का विचारत नाही? प्राण्यांवर प्रेम करणारे विचारत नाहीत, कारण त्यांना मारूच नका असे म्हणायचे असते. सरकार विचारत नाही, कारण विचारले तर साधन द्यावे लागेल. आणि आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत असते.

बिहारात काय झाले ते पाहा. १ डिसेंबर २०१५ पासून वर्षभर तिथल्या काही जिल्ह्यांत रोही उपद्रवी जाहीर केला गेला. २०१६ च्या जूनमध्ये मोकामाच्या टापूत बाहेरून नेमबाज बोलावून काही दिवसांत दोनशेच्या वर रोही मारले. बंदूक होती, नेम होता, पण जखमी किती सुटले याचा हिशेब गावाला कोणी दिला नाही. २०१९ साली वैशाली जिल्ह्यातला एक व्हिडिओ बाहेर आला. गोळी लागलेल्या, अजून जिवंत असलेल्या रोह्याला जेसीबीने खड्ड्यात ढकलून वर माती लोटत होते. नुसता नेमबाज बोलावून भागत नाही, हे त्यावरून कळते. गोळी लागल्यानंतर जनावर मेले की नाही हे पाहणारा माणूस लागतो, आणि त्याला दुसरी गोळी घालायचे काम नेमून द्यावे लागते.

केरळने २०२२ साली वेगळी वाट धरली. गावच्या पंचायतीच्या अध्यक्षाला डुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचे अधिकार दिले, परवानाधारक बंदूकवाल्यांच्या याद्या करायला सांगितल्या, आणि विष, स्फोटक, वीज यांना मनाई ठेवली. तिथेही सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. बंदूकवाले कमी पडतात, गोळीचा खर्च कोणी द्यायचा यावर भांडणे होतात. पण परवानगी एकाच्या हाती आणि नेम दुसऱ्याच्या, हे निदान त्यांनी ओळखले.

कायदा सांगतो की परवानगीने मारलेले रानटी जनावर सरकारच्या मालकीचे. ठीक आहे. मग मेल्यावर जे सरकारचे, ते जिवंत असताना माझ्या वावरात चरत होते तेव्हा कोणाचे होते? सरकारचे असेल तर ते आवरण्याचे काम सरकारचे. आणि मारण्याचे काम असेल तर तेही सरकारनेच नीट करावे. ते आमच्या म्हाताऱ्या कास्तकाराच्या ठासणीवर आणि त्याच्या पोराच्या आकड्यावर ढकलू नये.

म्हणून तिरकमठ्याची मागणी आमच्या मते करू नये. त्या तरुण भावाचा राग आम्हाला समजतो, पण त्याच्या मागणीने सरकार सुटेल. उद्या एखादा अधिकारी म्हणेल, घ्या, दिली धनुष्याची परवानगी. आणि पुन्हा आपण रात्री एकटे. मागायचे ते हे: तालुक्याला शिकवलेल्या, निशाण्यावर परीक्षा घेतलेल्या नेमबाजांचे पथक, त्यांच्याकडे जनावराच्या वजनाला पुरेल अशी रायफल, अर्ज दिल्यापासून दोन रात्रींच्या आत वावरात हजर. सुटलेल्या जखमी जनावराचा माग दुसऱ्या दिवशी सकाळी काढणे त्यांच्यावर बंधनकारक, त्यासाठी शिकवलेले कुत्रे. जर्मनीत जखमी जनावराचा माग काढायला असे कुत्रे वापरावे लागतात. आपल्याकडे वाघाच्या शिकाऱ्यांचा माग काढायला वन खात्याने कुत्री तयार केलीच आहेत. आणि दर महिन्याला किती मारली, किती जखमी झाली, किती हाती लागली नाहीत, याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. पथक येईपर्यंतचे नुकसान पूर्ण भरून.

मारून सगळा प्रश्न सुटतो असेही नाही. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्ले देते. दहा मारली तर दुसरी दहा येतात. कुंपण, जागल, पिकाची अदलाबदल हे सगळे लागणारच. पण जेव्हा मारायचेच ठरते, तेव्हा कसे, हे ठरलेले पाहिजे.

यात आपल्या बाजूनेही काही द्यावे लागेल, आणि इथे काही भाऊ आमच्यावर चिडतील. तार सोडणे आणि बॉम्ब ठेवणे आपणच बंद करावे लागेल. पथक आले की मग बंद करू, असे नाही. आधी. गावात कोण आकडा टाकतो हे गावाला माहीत असते. त्याच्या घरी चार जणांनी जाऊन बसावे, पोलिसांत न जाता. "लेकराच्या तोंडचा घास जातो तेव्हा तुमची दया कुठे असते?" असे तो विचारेल. विचारू द्या. त्याचे नुकसान खरे आहे, आणि त्याच्या शेजाऱ्याचा पोरगा पहाटे पाण्याच्या पाळीला त्याच वाटेने जातो हेही खरे आहे. हातात ती तार असताना आपण सरकारपुढे मागणी ठेवली तर ते पहिल्याच वाक्याला तारेवर बोट ठेवतील आणि बाकीचे ऐकणारच नाहीत.

पुढच्या बैठकीत याचा ठराव मांडणार आहोत. ज्यांनी रोही किंवा डुक्कर मारण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला असेल त्यांनी अर्जाची पोच, मिळालेले किंवा न मिळालेले उत्तर आणि तारखा घेऊन याव्यात. ज्यांना परवानगी मिळूनही मारता आले नाही त्यांनी आवर्जून यावे. त्यांचेच म्हणणे ठरावात पहिले लिहायचे आहे. ज्यांच्या वावरात जखमी जनावर येऊन मेले असेल त्यांनी घाव कुठे होता, किती दिवस लागले, एवढे दोन ओळींत लिहून आणावे. नाव घालायची गरज नाही. उमरेडच्या त्या तरुण भावालाही निरोप धाडला आहे. त्याने मोबाईल घेऊन यावे, आणि बाण लागल्यानंतरचा व्हिडिओ सापडतो का तेही पाहून यावे.